पाऊसबाईचा पायगुण

आमच्या गावात मला पाऊसबाई म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर हवाई दलाच्या तळावरचा एअर शो बघायला गेले, तर पाऊस पडला. दुसऱ्या वर्षी गेले, पुन्हा पाऊस. विमानं ताडपत्रीखाली, आणि आम्ही शेडमध्ये उभ्या उभ्या नूडल्स खाऊन घरी. तिसऱ्या वर्षी तर वादळच आलं. चौथ्या वर्षी ह्यांचे दोघे मित्र दुकानात आले, कमरेत वाकले आणि म्हणाले, "वहिनी, रागावू नका, पण यंदा तुम्ही घरीच थांबा." मी थांबले. त्या दिवशी आकाशात औषधालाही ढग नव्हता. झालं, शिक्कामोर्तब. तेव्हापासून शोच्या सकाळी भाताचे गोळे करून द्यायचे आणि विमानं छपरावरून गेली की मान वर न करता टोफू गाळायची फडकी धुवायची, एवढंच माझ्या वाट्याला आलं.

राग यायचा. खोटं कशाला बोलू? पण आमच्याकडे अशा गोष्टीवर कोणी वाद घालत नाही. एखाद्याच्या हाताला चव असते, एखादीच्या पायाला पाऊस असतो.

आमचं टोफूचं दुकान जपानात, ह्याकुरीच्या हवाई तळाच्या कुंपणापाशी. टोफूसाठी सोयाबीन दळायला हे पहाटे उठायचे, आणि उजाडलं की फँटम ही लढाऊ विमानं उडायची. काचा थरथरायच्या, कढईतल्या सोयाच्या दुधावर सुरकुत्या पडायच्या. गिऱ्हाईक कान झाकून घ्यायचं आणि हे मात्र हातातला झारा तसाच धरून दारात जायचे. "धूर शोध," म्हणायचे मला. "फँटम काळा धूर सोडतं. धूर सापडला की त्याच्या टोकाला विमान असतंच." सुट्टीच्या दिवशी हे, पोस्टातला तादोकोरो आणि न्हावी उशिओदा असे तिघे आपापली घडीची शिडी घेऊन कुंपणापाशी जायचे. शिडीवर चढलं की तारेच्या वरून फोटो काढता येतो. तीन म्हातारे तीन शिड्यांवर. रंगारी वाटायचे अगदी, फक्त भिंत नव्हती.

मग फँटम म्हातारी झाली म्हणून निवृत्त झाली. त्यांच्या शेवटच्या उड्डाणाला सगळा जिल्हा लोटला होता. हे मात्र नव्हते, कारण त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात ह्यांच्या डोळ्यांच्या तपासण्या होत्या. संध्याकाळी घरी आलो ते दोन बातम्या घेऊन. एक म्हणजे फँटम गेलं. दुसरी, ह्यांच्या डोळ्यांचा पडदा कडेकडेनं मरत चालला होता.

या आजाराला औषध नाही. कागदाची सुरळी करून तिच्यातून बघावं तसं ह्यांना दिसायला लागलं आणि दर वर्षी सुरळी बारीक होत गेली. बशी समोर असली तरी पेला कुठे ते कळेना. मग मी समोरच्या जागेचं घड्याळ करून सांगायला शिकले, बारा म्हणजे नाकासमोर. "चहा तीनवर. लोणचं नऊवर. तुमचा हट्ट बारावर." हे हसायचे. दुकान बंद केलं तेव्हा मात्र हसले नाहीत. आणि गेल्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पुढच्या हिवाळ्याचं मी काही सांगू शकत नाही."

त्या दिवशी घरी येताना हे बसमध्ये एवढंच बोलले, "एकदा फँटम उडताना बघायचं होतं."

मागच्या चाळीस वर्षांत ह्या माणसानं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. तेही त्यांनी माझ्याकडे मागितलं नव्हतंच म्हणा, खिडकीकडे बघून बोलले होते. पण खिडकी काय विमान आणून देणार?

फँटम अजून उडत होतं, पण आपल्याकडे नाही. परदेशात जायचं तर कुठल्या शोला, हे ठरवायला तादोकोरो आणि उशिओदा आमच्याकडे जमले. बाहेर गोठवणारी थंडी, आत खाली शेगडी असलेल्या टेबलावर रजई, रजईत आठ पाय. मी वाळवलेली रताळी भाजून ठेवली होती.

"इंग्लंड," उशिओदा म्हणाला. हा माणूस बोलताना बोटांची कात्री चालवतो. "एअर शो म्हणजे इंग्लंड. जगातला मोठा."

"पाऊसबाईंना घेऊन इंग्लंडला?" तादोकोरो म्हणाला. "तिथे आधीच वर्षभर टपटप. त्यात ह्या गेल्या तर ते बेट बुडेल बाबा."

"आणि तिथे फँटम नाही," हे म्हणाले.

"हां, तेही आहेच."

म्हणजे दोनच देश उरले. तुर्कस्तानात समुद्राकाठी एक शो होता, त्यात दोन फँटम जोडीनं उडणार होती, पंखाला पंख लावून. ग्रीसमध्ये एका जुन्या तळावरचा शो होता, तिथे एकच उडणार होतं. पण तो दोन दिवस चालायचा.

"तुर्कस्तान," हे म्हणाले. "जोडी आहे. ह्याकुरीला सकाळी जोडीच यायची."

ह्यांनी हे असं लगेच, डोळे चमकवून सांगितलं की मला वाटलं, ठरलं. पण तादोकोरोनं मान हलवली. तादोकोरोनं आयुष्यभर पत्रं वाटली, त्यामुळे हवामानाच्या बाबतीत तो स्वतःला मोठा शहाणा समजतो.

"मोरिहिको, नीट ऐक. तुर्कस्तानचा शो एका दिवसाचा. समुद्राकाठ. तिथे त्या दिवसांत ढग येतात. एरवी मी म्हटलं असतं, जा. पण तुझ्याबरोबर कोण जाणार? माझ्या छातीचं नुकतंच ऑपरेशन झालंय. उशिओदाची आई अंथरुणावर. म्हणजे वहिनीच. आणि वहिनींना पाऊस पाडायला एक दिवस पुरे होतो."

"अर्धा पुरतो," उशिओदा म्हणाला.

"ग्रीसला त्या दिवसांत लख्ख ऊन असतं. बारीकसा ढग नाही. शिवाय दोन दिवस. एक बुडाला तरी एक हातात राहतो."

"आणि वहिनी, तुम्ही," उशिओदानं रताळ्याचा तुकडा हातातच धरला, "म्हणजे तुम्ही ह्याला तिथपर्यंत न्या. हॉटेलापर्यंत. शोच्या दिवशी जरा हॉटेलातच, म्हणजे..."

"फडकी धुवू का तिथेही?" मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, आता हे म्हणतील, काय मूर्खासारखं बोलता, ती माझ्याबरोबर येईल. ह्यांचा हात टेबलावर पेला शोधत होता. 

"तीनवर," मी म्हणाले. ह्यांना पेला सापडला. आणि ग्रीस ठरलं.

रात्रभर मी रागानं कूस बदलत राहिले असं सांगितलं तर बरं दिसेल, पण मला लगेच झोप लागली. राग सकाळी आला. नवरा आंधळा होत होता आणि त्याच्या शेवटच्या इच्छेतली अर्धी विमानं माझ्या पायांपायी कापली गेली होती, हे मला सकाळी चुलीपाशी कळलं.

ग्रीसमधलं आमचं हॉटेल म्हणजे तळाजवळच्या खेड्यातलं दुमजली घर. मालकीण इव्हांथिया, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच तोंडाळ असावी, कारण भावाशी बोलताना तिचे दोन्ही हात हवेत असायचे. तिचं माझं संभाषण तिच्या फोनमधून व्हायचं. ती ग्रीकमध्ये दहा वाक्यं बोलायची आणि फोनमधली बाई जपानीत एकच सांगायची. जेवणात घेवड्याचं कढण, पाव आणि मिठाच्या पाण्यातलं पांढरं चीज. ह्यांनी ते चावलं, थांबले, आणि म्हणाले, "टोफू चांगला आहे. मीठ कोणीतरी दोनदा घातलंय." त्या दिवशी ते खूश होते. संध्याकाळी लांबून कुठल्यातरी विमानाचा आवाज आला तर खुर्चीतून अर्धे उठले.

शनिवारी सकाळी खिडकी उघडली. आकाश इतकं निळं होतं की डोळे मिटून घ्यावेसे वाटले. खिडकीत मी कागदाचं टकलू बाहुलं टांगलं होतं, ऊन पडावं म्हणून आमच्याकडे मुलं टांगतात तसलं. बाहुल्यानं आपलं काम केलं होतं. हे टोपी घालून, पांढरी काठी घेऊन पलंगाच्या कडेला बसले होते.

"कसं आहे?"

"लख्ख आहे. ठिपका नाही."

"तोकिए," हे म्हणाले आणि थांबले. मग काठीची मूठ चोळत म्हणाले, "आजचा दिवस तेवढा तू इथे..."

मी समजले. मी त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं. जरा जोरातच लावलं.

इव्हांथियाचा भाऊ लेफ्तेरिस त्यांना गाडीतून तळावर घेऊन गेला. पुढे, दोरीजवळ, खुर्ची मिळेल अशी सोय केली होती. मी इव्हांथियाबरोबर गच्चीवर गेले. तिथे चादरी वाळत घालायच्या होत्या. म्हणजे इतक्या लांब येऊनही माझ्या हातात ओली फडकीच. मला हसू आलं आणि मग तिथेच चादरीआड रडू आलं. इव्हांथियानं बघितलं, पण फोन काढला नाही, याबद्दल मी तिची आभारी आहे.

विमानं उडायला लागली. छोटी, मोठी, रंगीत धुराची. मी वर बघत नव्हते. सवय. मग एक आवाज आला आणि माझे हात थांबले. काचा थरथरल्या. खाली कुठेतरी भांडं पडलं. हा आवाज मी पोटात ओळखते, चाळीस वर्षांच्या सकाळी आहेत त्यात. मी वर बघितलं.

धूर सापडला. धुराच्या टोकाला फँटम होतं. ते गच्चीवरून तिरकं वळलं आणि त्याची पाठ उन्हात दिसली. निळी! नाकापासून शेपटापर्यंत गडद निळी, शेपटावर सोनेरी पट्टे. मी असलं फँटम कधी बघितलं नव्हतं. आमची करडी असायची, पावसाळ्यातल्या तळ्यासारखी.

इव्हांथियाचे दोन्ही हात हवेत गेले. ती बराच वेळ बोलली. फोनमधली बाई म्हणाली, "हे विमान खास रंगवले आहे. आज सकाळपर्यंत गुपित होते."

मला वाटलं, मी धावत जाऊन ह्यांना मिठी मारावी. जोडी नाही मिळाली, पण हे मिळालं! सगळ्या ह्याकुरीत कोणी बघितलं नसेल असं. पाऊसबाई घरात बसली, म्हणून आकाश उघडं राहिलं आणि ह्यांना निळं फँटम दिसलं. मग राहीन मी घरात. आयुष्यभर राहीन.

हे दुपारी परतले. डोळे लाल, सुजलेले, गालांवर पाण्याचे वाळलेले ओघळ. मी म्हटलं, रडले वाटतं. रडू दे.

"दिसलं?"

"दिसलं," हे म्हणाले. खुर्ची चाचपून बसले. "छान दिसलं. डोक्यावरून गेलं ना."

"कसं होतं?"

"कसं म्हणजे? फँटमसारखं." हे हसले. "आपल्या ह्याकुरीच्या विमानांसारखंच अगदी. तोच करडा रंग, तोच धूर. वाटलं, घरी आहे."

माझ्या हातात कढणाची वाटी होती. ती मी टेबलावर ठेवली. कुठे ठेवली ते सांगायला विसरले आणि ह्यांच्या कोपरानं ती सांडली.

कढण पुसता पुसता मला सगळं कळत गेलं. आमच्याकडे हे ढगाळ दिवशी अंगणात बरे चालतात आणि उन्हात दाराच्या चौकटीला धडकतात, हे मी रोज बघत होते. ऊन पडलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे नुसता पांढरा झगझगाट होतो, म्हणून तर मी दुकानाचा पडदा ओढून घ्यायचे. रोज ओढत होते! आणि तरी आम्ही चौघं जण शेगडीपाशी बसून ह्या माणसासाठी जगातलं सगळ्यात लख्ख आकाश शोधत होतो. एकालाही सुचलं नाही. मला सुचायला हवं होतं, पण मी माझ्या पायांचाच विचार करत बसले होते. त्या झगझगाटात, सुरळीएवढ्या भोकातून, एकट्या माणसानं भरधाव विमान कुठे शोधायचं? ते दिवसभर त्या खुर्चीत आकाशाकडे तोंड करून बसले असतील, आवाजामागे मान फिरवत. विमान एकीकडे, मान दुसरीकडे. आणि मग परत येताना गाडीत ठरवलं असेल की बायकोला काय सांगायचं.

 खोटं पकडलं असं दाखवलं असतं, तर त्यांच्याकडे तेवढंही उरलं नसतं. मी परत गच्चीवर गेले आणि वाळलेल्या चादरी पुन्हा एकदा झटकल्या.

सोमवारी परतीचं विमान. म्हणजे रविवार उरला.

रविवारी सकाळी खिडकी उघडली तर समोरचा डोंगर दिसत नव्हता. ढग खाली आले होते, ऑलिव्हच्या झाडांवर बारीक भुरभुर. इव्हांथिया म्हणाली, तिच्या फोनमधली बाई म्हणाली, "या दिवसांत असे कधीच होत नाही." मी मनात म्हटलं, बाई, मला विचार.

"पाऊस आहे ना?" ह्यांनी पलंगावरूनच विचारलं. वास आला होता त्यांना. "बरं झालं काल बघितलं. आज आराम करू."

"मी जाणार आहे," मी म्हणाले.

"कुठे?"

"शोला. मला बघायचाय. इतकी वर्षं तुम्ही लोकांनी मला कुंपणाबाहेर ठेवलंत. तुमचं काल बघून झालंय, आता माझी पाळी. आणि मी एकटी जाणार नाही, मला भाषा येत नाही."

"मला तरी कुठे येते?"

"तेच म्हणते. दोघं मिळून हरवू."

"पाऊस वाढेल, तोकिए. तू गेलीस तर वाढेल," हे हळूच म्हणाले. थट्टा नव्हती त्यात. भीती होती. म्हणजे अजून कुठेतरी आशा होती, आणि ती माझ्या पायांमुळे बुडेल अशी त्यांना भीती वाटत होती.  पण मी टोपी त्यांच्या डोक्यावर घातली.

"वाढू दे. चला."

तळावर लोक छत्र्यांखाली, तंबूंमध्ये, शेडमध्ये दाटले होते. दोरीपाशी कोणीच नव्हतं. आम्हाला पहिली जागा मिळाली. मी रेनकोट खुर्चीवर अंथरून ह्यांना बसवलं. भोंग्यातून माणूस काहीबाही सांगायचा आणि मागून गर्दीचा "ओओ" असा निराश आवाज यायचा. भाषा येत नसली तरी तो आवाज कळतो. एक रद्द. दुसरं रद्द. रंगीत धुराची रद्द. एक हेलिकॉप्टर आलं आणि लाजल्यासारखं लगेच गेलं.

दर वेळी मी पायांकडे बघायचे. माझे हे दोन पाय. जन्मभर काही मागितलं नाही ह्या पायांनी, ना त्यांच्या मालकिणीनं. आज मागत होते. कोणाकडे, ते मला ठाऊक नव्हतं. एकदाच उडू दे. खाली उडू दे, वर उडू दे, कसंही. नाहीतर ह्या माणसाला उरलेलं सगळं आयुष्य अंधारात त्या खोट्या करड्या विमानाबरोबर काढावं लागेल, आणि मला त्याची स्तुती ऐकत बसावं लागेल. इतकी असहाय मी इस्पितळातही झाले नव्हते.

"जाऊ या का?" हे म्हणाले. "भिजशील."

"भिजू दे."

"तू हट्टी आहेस."

"बारावर आहे," मी म्हणाले.

भोंगा पुन्हा बोलला. या वेळी मागून "ओओ" आलं नाही. काही लोक तंबूतून बाहेर आले. मग तो आवाज सुरू झाला, लांब, धावपट्टीच्या टोकाला. ह्यांची पाठ ताठ झाली.

मी खुर्चीच्या मागे उभी राहिले आणि दोन्ही तळहातांनी ह्यांचे गाल धरले. लग्नात नवरी नवऱ्याचं तोंड लोकांदेखत धरत नाही, म्हातारपणी तर नाहीच. पण तिथे आम्हाला ओळखत होतं कोण?

"काय करतेस?"

"गप्प बसा आणि मी फिरवीन तिकडे बघा."

पहिल्या खेपेला मीच चुकले. विमान ढगाखालून इतक्या वेगानं आलं की मी "नऊ" म्हणेपर्यंत ते तीनवर होतं.  ह्यांची मान माझ्या हातांत उगीच फिरली आणि थांबली.  काल ह्यांनी हेच केलं असणार, दिवसभर.

"परत येईल," मी ओरडले. "ते येणारच. धूर आहे अजून."

ढग खाली होते म्हणून त्याला वर जाता येईना. वर जाता येत नाही म्हणून ते खालीच, लांब वळसा घेऊन परत येत होतं. आणि आता त्यानं वेग कमी केला होता. करड्या आकाशात काळा धूर कोळशानं रेघ ओढल्यासारखा स्पष्ट दिसत होता, आणि कुठेही झगझगाट नव्हता, ऊन नव्हतं, चमक नव्हती. माझ्या पावसानं सगळ्या आकाशाला पडदा ओढला होता.

"दहावर," मी म्हणाले. त्यांची मान फिरवली. "खाली. अजून खाली. झाडांच्या वर. धूर शोधा. धूर."

"धूर," हे म्हणाले.

"त्याच्याबरोबर चला. दहा. साडेदहा. अकरा."

विमान चाकं खाली सोडून, नाक वर करून, दमल्यासारखं हळू येत होतं. मी त्याच्याबरोबर माझ्या नवऱ्याचं डोकं फिरवत होते, एखादं भरलेलं भांडं न सांडता फिरवावं तसं. अकरा. साडेअकरा. बारा. ते आमच्या समोर होतं. खुर्ची थरथरत होती.

हे ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"निळं!" हे ओरडले. "तोकिए, निळं आहे गं ते! शेपटावर सोनेरी! अगं, निळं आहे!"

माझे हात त्यांच्या गालांवर होते, त्यामुळे ते रडायला लागले हे मला डोळ्यांआधी हातांना कळलं. मी "एक" म्हणाले. "दोन" म्हणाले. "तीन." विमान धुरामागे गेलं, ढगात शिरलं, आणि ह्यांची मान माझ्या हातांत तशीच तीनवर राहिली.

मग पाऊस खऱ्या अर्थानं पडला. धो धो. भोंग्यातल्या माणसानं जे सांगितलं ते सगळ्यांना कळलं, मलाही. शो संपला होता. मागे शेकडो लोक छत्र्या उघडत, आकाशाकडे बघून शिव्या घालत फाटकाकडे निघाले.

"काल," हे म्हणाले.  पाणी टोपीच्या कडेवरून गळत होतं. "काल मी तुला..."

"उठा. न्यूमोनिया होईल," मी म्हणाले. "काठी चारवर आहे."

ह्यांनी काठीऐवजी माझा हात शोधला. तो त्यांना न सांगता सापडला.

जाताना शेडपाशी एक भिजलेलं कुटुंब उभं होतं. बाप वैतागून ढगांकडे हात करत होता, लेकरं रडवेली. मला राहवलं नाही. सवय हो, जन्माची. त्यांच्यासमोर थांबले, कमरेत वाकले आणि आमच्या भाषेत म्हणाले, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, माफ करा."

त्यांना काही कळलं नाही. बाप गोंधळून हसला आणि मान हलवली.

"कोणाची माफी मागतेस?" ह्यांनी विचारलं.

"सगळ्यांची," मी म्हणाले. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती मी मनापासून मागितली नव्हती.